मंगळावर यान उतरते कसे?



२०१७ सालच्या फेब्रुवारीअखेरीस, राष्ट्रीय विज्ञानदिनाचे निमित्त साधून, मी पारनेर तालुक्यातील आमच्या शाळेची काही मुले बरोबर घेऊन खोडदला गेलो होतो. नगरहून कल्याणच्या रस्त्याने भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, बेल्हे ही गावे मागे टाकीत आळेफाट्यास यावे आणि तेथून नारायणगावाकडे वळावे, म्हणजे जुन्नर तालुक्यातील त्या शिवारात आकाशाकडे तोंड करून बसलेल्या अजस्र पांढऱ्या परड्या दिसू लागतात. ही खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० परड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ बसविलेल्या आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूर दूर विखुरलेल्या. परडी हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. कारण तिचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा त्यातून निघून जातो, रेडिओलहरी मात्र परावर्तित होतात.

विज्ञानदिनी तेथे शाळकरी मुलांची जत्राच लोटते. आम्हांस माहिती सांगणाऱ्या तरुण गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली. चार महिन्यांपूर्वी, १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री, या परड्यांनी मंगळावर उतरू पाहणाऱ्या एका युरोपीय यानाचा स्वर ऐकला होता. स्वर चांगला चालू होता. यान उतरण्यास सुमारे एक मिनिट उरले असता तो एकाएकी थांबला. मुले स्तब्ध झाली. मग मागच्या बाजूस उभ्या असलेल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, यांना तो पडताना ऐकू येत होता, तर मग त्याला सांगितलं का नाही कुणी?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे पुरते उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. अर्धे उत्तर ठाऊक होते. उरलेले अर्धे त्या वेळी कोणीच प्रसिद्ध केलेले नव्हते; अपघाताच्या चौकशीचा अहवाल पुढे मे महिन्यात बाहेर आला. तेव्हा त्या मुलाला जे सांगावयाचे राहिले, ते आज आपणांस सांगतो.

त्या यानाचे नाव स्कियापारेल्ली. हे नाव ज्या इटालियन ज्योतिर्विदाचे, त्याने १८७७ साली दुर्बिणीतून मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना आपल्या भाषेत चर अथवा ओढे अशा अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजीत तो शब्द 'कालवे' होऊन बसला, आणि मग कालवे आहेत तर ते खणणारे लोकही असलेच पाहिजेत, असे कित्येकांनी मानले. प्रवरेच्या नि मुळेच्या कालव्यांवर वाढलेल्या आम्हां नगरकरांना ही कल्पना फारशी चमत्कारिक वाटू नये! वस्तुतः तेथे कालवाही नाही आणि पाटकरीही नाही. असो.

१४ मार्च २०१६ रोजी बैकानूर येथून हे यान आपल्या मातृयानाच्या पाठुंगळीस बसून निघाले. सात महिन्यांचा प्रवास. या प्रवासात ते आहे कोठे, हे पृथ्वीवरील मनुष्यास कसे कळते? आकाशात मैलाचे दगड नाहीत. दुर्बिणीतून पाहावे तर इतकी लहान वस्तू दिसत नाही. तीन गोष्टी कळाव्या लागतात : अंतर, वेग आणि दिशा.

अंतर हे पडसादाने मोजतात. पृथ्वीवरून एक रेडिओसंकेत पाठवावयाचा, यानाने तो तसाच परत धाडावयाचा, आणि गेल्यायेण्यास किती वेळ लागला ते पाहावयाचे. प्रकाश व रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतात, हे ठाऊक असल्याने उरले ते त्रैराशिक.

वेग मोजण्याची युक्ती याहून सुंदर आहे. आपल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर राहुरीच्या फाटकापाशी उभे राहून आगगाडीची शिटी लक्षपूर्वक ऐका. गाडी जवळ येत असते तोवर शिटीचा स्वर चढा असतो; ती आपल्यास ओलांडून दूर जाऊ लागताच तो उतरतो. शिटी बदललेली नसते, बदललेली असते ती गाडीची आपल्या दृष्टीने गती. यानाच्या रेडिओस्वराचेही असेच होते, आणि हा फरक इतक्या बारकाईने मोजता येतो की, कोट्यवधी किलोमीटरांवरील यानाच्या वेगात सेकंदाला एका मिलिमीटराच्या आतबाहेरची घटबढ झाली तरी ती लक्षात येते. दिशेसाठी पृथ्वीच्या दोन दूरच्या टोकांवरील परड्यांनी एकच स्वर ऐकावयाचा. एकीकडे तो किंचित आधी व दुसरीकडे किंचित मागाहून पोचतो, त्या अंतरावरून कोन निघतो.

हे सारे गणित आहे, आणि गणितात एककाची चूक किती महाग पडते हे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर सांगत आलो. १९९९ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेचे एक यान मंगळाच्या भोवती फिरावयास गेले असता नाहीसे झाले. कारण काय, तर यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला रेटा एका गटाने पौंडांत लिहिला व दुसऱ्या गटाने तो न्यूटनांत आहे असे समजून हिशेब केला. यान ठरल्याहून फार खाली, सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर, मंगळाच्या हवेत शिरले आणि संपले. उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण मी कापीत असे, तेव्हा पालक मजवर रागावत. त्यांना ही हकिकत सांगावयास हवी होती.

आता आपल्या यानाकडे वळू. १६ ऑक्टोबर रोजी ते मातृयानापासून सुटले. सुटल्यावर आपली वाट बदलण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. गोफणीतून सुटलेल्या धोंड्याप्रमाणे तीन दिवस स्वतःभोवती फिरत ते मंगळाकडे गेले. म्हणजे नेम जो धरावयाचा तो मातृयानानेच आधी अचूक धरलेला असावा लागतो. मंगळाच्या हवेत शिरण्याची वाट फार अरुंद. उतार जास्त झाला तर यान जळते किंवा चेंगरते. कमी झाला तर, पाण्यावर तिरपी फेकलेली चपटी चिप जशी टप्पे घेत निघून जाते, तसे ते हवेवरून उडून अवकाशात निघून जाते. स्कियापारेल्लीचा नेम बरोबर लागला होता, हे येथेच सांगून ठेवतो. सात महिन्यांच्या वाटेत काही चुकले नाही. जे चुकले ते शेवटच्या काही क्षणांत.

मंगळावर उतरणे अवघड का, तर तेथील हवा ही धड आहेही आणि नाहीही. पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या एक शतांशाहूनही तिचा दाब कमी. यानास भाजून काढण्यास ती पुरेशी आहे, पण नुसत्या हवाई छत्रीने त्याचा वेग सोसवेल इतका कमी करण्यास ती पुरत नाही. चंद्रावर हवाच नसल्याने तेथे छत्रीचा प्रश्नच उद्भवत नाही, सारा वेग इंजिनांनी मोडावा लागतो. मंगळावर मात्र ढाल, छत्री आणि इंजिने अशी तिन्ही आयुधे एकामागून एक, अचूक क्षणी वापरावी लागतात. आणि हे सारे यानाने स्वतः ठरवावयाचे असते.

स्वतः का, हे त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर होय. त्या रात्री मंगळ आपल्यापासून सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. रेडिओचा संदेश तेथून येथे यावयास ९ मिनिटे ४७ सेकंद लागत होते. यानाला हवेत शिरल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंत लागावयाची होती सहा मिनिटांहूनही कमी. तेव्हा हिशेब करून पाहा. यान मंगळाच्या हवेत शिरल्याची खूण खोडदला जेव्हा पोचली, तेव्हा ते यान मंगळाच्या मातीवर आदळून चार मिनिटे होऊन गेली होती. खोडदच्या परड्या जे ऐकत होत्या तो मेलेल्या माणसाच्या पत्रासारखा स्वर होता. वाचणाऱ्याला वाटते तो बोलतो आहे. सांगणार कोणाला? आणि सांगितले असते तरी ते पोचावयास आणखी पावणेदहा मिनिटे!

याच कारणाने आपले मंगलयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचे इंजिन केव्हा पेटावे व किती वेळ जळावे यांच्या आज्ञा बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या स्मरणात काही दिवस आधीच भरून ठेवल्या होत्या. इंजिन सुमारे २३ मिनिटे जळले, आणि त्यातील काही काळ तर यान मंगळाच्या आड गेलेले होते. पृथ्वीवरच्या लोकांनी करावयाचे ते एवढेच की, वाट पाहावी.

परंतु कक्षेत शिरणे निराळे आणि भूमीवर उतरणे निराळे. उतरताना आज्ञा आधी भरून भागत नाही, कारण वारा किती, हवा किती दाट, छत्री किती हेलकावेल, हे आधी कोणास ठाऊक असते? यानाला क्षणोक्षणी स्वतःस विचारावे लागते : मी किती उंचीवर आहे, किती वेगाने पडतो आहे, माझे पाय खाली आहेत की वर? या तीन प्रश्नांची उत्तरे बरोबर असली तर पुढचे काम तितके कठीण नाही. चुकली, तर इंजिने कितीही बळकट असोत, व्यर्थ.

ही उत्तरे देणारी साधने मुख्यतः दोन. पहिल्याची कल्पना अशी करा. एका मनुष्याचे डोळे बांधून त्यास बैलगाडीत बसविले आहे. गाडी वळली, उतारास लागली, धक्का बसला, हे त्याला अंगावरून कळते. तो मनातल्या मनात हिशेब ठेवीत जातो : आता डावीकडे वळलो, आता वेग वाढला. चांगला हिशेबी असेल तर तासाभराने आपण कोठे आहो हे तो बरेचसे बरोबर सांगेल. यानात फिरण्याचा व वेगबदलाचा वेग मोजणारी यंत्रे हेच काम करतात. यांत दोष एकच : हिशेब साचत जातो. बेरजेत एक हातचा चुकला की पुढचे सारे पान चुकते, आणि डोळे बांधलेल्या माणसाला ती चूक कधी कळत नाही.

म्हणून दुसरे साधन, रडार. ते यानाच्या पोटाखाली असते. जमिनीकडे लहर सोडते व पडसादावरून अंतर सांगते. हा जणू डोळा. परंतु हा डोळा सांगतो ते तिरपे अंतर. भिंतीला टेकलेली शिडी पंधरा फूट लांब असली तरी भिंतीची उंची पंधरा फूट नसते. शिडी किती कलली आहे ते ठाऊक असेल तरच उंची काढता येते. मॅट्रिकच्या गणितात आपण ज्याला कोसाइन म्हणतो त्याचे हे काम. तेव्हा रडारने दिलेल्या अंतराला कलाच्या कोसाइनने गुणावयाचे, म्हणजे खरी उंची आली. कल मात्र पहिल्या साधनाकडून, त्या डोळे बांधलेल्या हिशेबनिसाकडून, घ्यावयाचा.

आता काय घडले ते पाहू. यान तासाला सुमारे २१,००० किलोमीटर वेगाने हवेत शिरले. ढालीने तापून, झिजून आपले काम केले. सुमारे १२ किलोमीटर उंचीवर १२ मीटर व्यासाची हवाई छत्री उघडली, तीही ठीक. परंतु छत्रीच्या हिसक्याने यान अपेक्षेहून जोराने हेलकावले. फिरण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची एक कमाल मर्यादा असते. आपल्या ताणकाट्याला पन्नास किलोपर्यंतच खुणा असाव्या आणि साठ किलोचे पोते अडकवावे, म्हणजे काटा शेवटच्या खुणेला जाऊन थांबतो, तसे झाले. काटा सुमारे एक सेकंद त्या शेवटच्या खुणेस अडकून राहिला. हिशेब करणाऱ्या यंत्राने तो एक सेकंदभर खरा मानला, आणि आपण त्या सर्व वेळात त्या कमाल वेगाने फिरत होतो असे धरून बेरीज केली. फळ असे निघाले की, आपण उभ्या रेषेपासून सुमारे १६५ अंशांनी कललो आहो. म्हणजे जवळजवळ उलथे झालो आहो!

यान उलथे झालेले नव्हते. छत्रीखाली ते बऱ्यापैकी सरळ लोंबत होते.

पुढे ढाल गळून पडली व रडार सुरू झाले. रडार आपले अंतर खरे सांगत होते. त्या खऱ्या अंतराला यंत्राने १६५ अंशांच्या कोसाइनने गुणले. काटकोनाहून मोठ्या कोनाचे कोसाइन ऋण असते, हे मुलांकडून आम्ही घोकून घेतो. गुणाकार बिनचूक झाला आणि उत्तर आले : उंची उणे. शिडी भिंतीला टेकविली नसून विहिरीत सोडली आहे असे समजल्यासारखे ते झाले. यानाने निष्कर्ष काढला की, आपण जमिनीच्या खाली आहो, अर्थात उतरून चुकलो आहो.

मग त्याने उतरलेल्या यानाने करावे ते सारे आज्ञाधारकपणे केले. छत्री सोडून दिली. वेग मोडणारी इंजिने पेटविली, पण तीस सेकंदांच्या ठिकाणी अवघी तीन सेकंद, कारण जमिनीवर आल्यावर इंजिने कशास हवीत? जमिनीवर पोचल्यावर चालू करावयाची उपकरणे चालू केली. या वेळी ते जमिनीपासून सुमारे ३.७ किलोमीटर उंच होते. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे; त्याच्या दुपटीहूनही अधिक उंचीवरून, पोचल्याच्या पूर्ण खात्रीने, ते यान दगडासारखे पडले. तेहतीस-चौतीस सेकंदांनी ते तासाला सुमारे ५४० किलोमीटर वेगाने मंगळावर आदळले. दुसऱ्याच दिवशी मंगळाभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकन यानाने त्या जागेचे छायाचित्र घेतले. त्यात एक काळा डाग आणि थोड्या अंतरावर छत्रीचा पांढरा ठिपका दिसला.

वर्गात आपण काम-काळ-वेगाचे उदाहरण घालतो. एखादा विद्यार्थी सर्व रीत बरोबर करून उत्तर काढतो : साडेसात मजूर. मी विचारी, "अर्धा मजूर कोठून आणणार रे?" रीत चुकली नसेल, पण आलेले उत्तर या जगात शक्य आहे काय, हे पाहण्याचे काम रीतीत नसते, ते रीत संपल्यावर करावयाचे असते. चौकशी-अहवालाने जे दोष दाखविले, त्यांत नेमका हाही आहे की, निघालेली उंची शक्य कोटीतील आहे की नाही, हे तपासण्याची सोय यानात नव्हती. काही क्षणांपूर्वी जे यान आठ किलोमीटरांवर होते, ते एकाएकी जमिनीखाली कसे जाईल? आणि पोट आकाशाकडे झाले असेल तर पोटाखालच्या रडारला जमीन दिसते आहे कशी? खरे पाहता त्या यानाच्या दोन साधनांचा मेळ बसत नाही हे काही सेकंद यंत्रास जाणवतही होते. परंतु रडारावाचून उतरणे अशक्य, या विचाराने रचनाकारांनी असे ठरवून ठेवले होते की, थोडा वेळ वाट पाहून मेळ बसो न बसो, रडारचे अंतर हिशेबात घ्यावे. भांडण मिटविण्याची ही रीत संसारातही चालते. पण तेथे निदान खाली माती असते.

हे उरलेले अर्धे उत्तर. त्याला सांगणारा कोणी पृथ्वीवर असू शकत नव्हता. सांगणारा त्याच्या पोटातच असावयास हवा होता, आणि तेवढाच नव्हता.

मग दुसरी याने काय करतात? १८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेचे पर्सिव्हिरन्स हे यान मंगळावरील जेझेरो नावाच्या विवरात उतरले. त्याच्यापाशी कॅमेरा होता, आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेल्या छायाचित्रांवरून केलेला त्या जागेचा नकाशा त्याच्या स्मरणात होता. छत्रीला लोंबत असता त्याने खालची छायाचित्रे घेतली, त्यांतील खड्डे-टेकाडे नकाशाशी ताडून पाहिली, आणि आपण नेमके कोठे आहो ते काही सेकंदांत ओळखून धोंड्यांची जागा टाळली. डोळे बांधलेल्या माणसाची पट्टी सोडून त्याच्या हाती गावाचा नकाशा द्यावा, तसे हे.

आपल्या देशाचा अनुभव तर ताजाच आहे. ग्रह नव्हे, उपग्रह. पण कसोटी तीच. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे विक्रम अवतरणयान चंद्रावर कोसळले. त्याची पाच इंजिने अपेक्षेहून थोडा अधिक रेटा देत होती. लहान लहान चुका साचत गेल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी जितक्या झपाट्याने वळावयास हवे तितके वळण्याची मुभा यानाला दिलेली नव्हती. आणि उतरण्यास नेमलेली जागा होती अवघी ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद. पुढच्या यानाच्या वेळी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने प्रश्नच फिरवून विचारला. सारे नीट झाले तर यान कसे उतरेल, असे न विचारता, काय काय बिघडू शकेल आणि ते बिघडले तरी यान कसे उतरेल, असा विचार करून चांद्रयान-३ रचले. पाचऐवजी चार इंजिने, अधिक इंधन, अधिक बळकट पाय, सुमारे ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद अशी ऐसपैस जागा, धोके पाहणारे कॅमेरे, आणि वेग मोजण्यासाठी लेसरचे एक नवे साधन, म्हणजे पहिल्या साधनांच्या साक्षीस आणखी एक साक्षीदार. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून त्याने उतरावयास आरंभ केला. चंद्रापर्यंत संदेश जावयास सव्वा सेकंद पुरतो, तरीही उतरण्याचे सारे निर्णय यानाकडेच सोपविलेले होते. सहा वाजून चार मिनिटांनी ते टेकले.

त्या सायंकाळी मी घरी दूरचित्रवाणीपुढे बसलो होतो. पडद्यावर उंचीचा आकडा उतरत होता. शेजारी नातवंडे टाळ्या वाजविण्याची वाट पाहत होती; माझे लक्ष मात्र त्या आकड्याच्या डावीकडे होते, तेथे उण्याची खूण उमटते की काय म्हणून.